लांबी नव्हे, सही महत्त्वाची

सॉफ्टवेअर विकत घेतल्यावर ते सुरू करायला जो कोड टाकावा लागतो, ती लायसन्स की. ती जितकी लांब तितकी सुरक्षित, हे तुमच्या लेखातलं विधान मला पटत नाही. विंडोज ९५च्या दहा अंकी सीडी-कीमध्ये शेवटच्या सात अंकांची बेरीज ७ने भागली जाते का, मुख्यतः एवढंच तपासलं जाई. तपासणीचा नियम प्रोग्रॅममध्येच असतो; तो उलगडला की हव्या तितक्या कीज तयार! सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या नाशिककरांनी डिजिटल सहीच वापरावी: सही करणारी खासगी चावी आपल्याकडे, प्रोग्रॅममध्ये फक्त ती सही तपासणारी सार्वजनिक चावी; तिच्यावरून नवी सही बनवता येत नाही. ईडी२५५१९ या डिजिटल सहीच्या पद्धतीत सही ६४ बाइटची, म्हणजे बेस३२मध्ये (अक्षरं आणि अंक वापरून लिहायच्या पद्धतीत) १०३ अक्षरं. एवढं टाइप कोण करणार? सही आत असलेली लायसन्स फाइलच द्या. आणि कृपया लायसन्स एकट्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला बांधू नका. कार्ड बदललं की पैसे भरलेला ग्राहकच अडकतो.