चाचणीत शून्य आणि खडकावर शेवाळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नव्या रीफ टाकीतील (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतील) शेवाळावरच्या माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया मी दोन वेळा लक्षपूर्वक वाचली. तिच्यातील एक आक्षेप पूर्णपणे रास्त आहे, दुसरा मला मान्य नाही, आणि शेवटच्या ओळीत आपण जाता जाता जे लिहिले आहे त्याची मला काळजी वाटते. म्हणून हे उत्तर लांबले आहे.

आपले म्हणणे थोडक्यात असे. पाच महिन्यांपूर्वी कोरडे खडक वापरून आपण पहिली रीफ टाकी सुरू केली. तिसऱ्या महिन्यात खडकांवर हिरवे केसाळ शेवाळ दिसू लागले. ‘नव्या टाकीत शेवाळ येतेच, धीर धरा’ हा माझ्या लेखातील सल्ला मानून आपण सहा आठवडे थांबलात आणि तेवढ्या काळात शेवाळाने दोन प्रवाळ झाकून टाकले. नायट्रेट आणि फॉस्फेट या दोन्ही चाचण्या शून्य दाखवत असताना शेवाळ वाढत होते, त्यामुळे शेवाळ या पोषकद्रव्यांवर वाढते हे माझे विवेचनच चुकीचे आहे, असे आपण म्हणता. अखेरीस शेवाळनाशक औषधाने चार दिवसांत खडक स्वच्छ झाले, आणि नवशिक्यांच्या मनात औषधांची भीती घालून मी त्यांचे नुकसान करते, असा आपला निष्कर्ष आहे.

‘धीर धरा’ या वाक्याबाबत चूक माझी आहे. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर डायटम हे एकपेशीय शेवाळ होते, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर बसणारा तपकिरी, भुकटीसारखा थर. पाण्यातील सिलिकेट संपत आले की तो बहुधा आपोआप ओसरतो आणि त्याच्यामागे धावण्यात अर्थ नसतो. केसाळ शेवाळ असे ओसरत नाही. ते खडकाला घट्ट धरून बसते आणि कोणी खाल्ले किंवा उपटले नाही, तर वाढतच जाते. हा भेद मी लेखात स्पष्ट केला नाही आणि त्याची किंमत आपल्या दोन प्रवाळांनी मोजली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शून्य आलेल्या चाचण्यांचा मुद्दा मात्र मी वेगळ्या रीतीने पाहते. चाचणी पाण्याची असते, टाकीची नव्हे. माशांना घातलेल्या खाद्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस रोज टाकीत येतात आणि खडकभर पसरलेले शेवाळ ते आल्याबरोबर शोषून घेते. त्यामुळे नळीत आपण जे मोजतो ते शेवाळाने खाऊन उरलेले असते. शिवाय घरगुती फॉस्फेट चाचणीत केवळ विद्राव्य, असेंद्रिय फॉस्फेट दिसते आणि रंगपट्टीवर ०.०२ आणि ०.०५ मिलिग्रॅम प्रति लिटर यांतील फरक डोळ्यांनी ओळखणे फार अवघड असते. आपल्या बाबतीत खडकांचाही विचार करावा लागेल. कोरडा खडक चुनखडीचा असतो आणि चुनखडीच्या पृष्ठभागाला फॉस्फेट चिकटून राहते. पाण्यातले प्रमाण उतरले की खडक आपल्याजवळचे थोडे सोडतो, आणि ते सुटते नेमके तेथे जेथे शेवाळ बसलेले असते. म्हणूनच पाणी बदलून फॉस्फेट उतरवले तरी काही दिवसांत ते पुन्हा वर येते. नायट्रेटचे गणित त्यामानाने सरळ आहे: ४० मिलिग्रॅम असताना दर वेळी २० टक्के पाणी चार वेळा बदलले, आणि मधल्या काळात नवीन भर पडली नाही असे धरले, तरी सुमारे १६ मिलिग्रॅम शिल्लक राहते.

पण पोषकद्रव्ये हे अर्धेच कारण आहे आणि दुसऱ्या अर्ध्याला, म्हणजे शेवाळ खाणाऱ्या प्राण्यांच्या अभावाला, मी लेखात फार कमी जागा दिली. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात शेवाळ खाणारे डायडेमा जातीचे काटेरी सी अर्चिन (गोल, काटेरी समुद्री प्राणी) रोगाने मेले. बहुतेक ठिकाणी ९० टक्क्यांहून अधिक. त्यानंतर जमैकासारख्या ठिकाणच्या प्रवाळभित्तींवर शेवाळ पसरत गेले. तेथे मासेमारीमुळे शेवाळ खाणारे मासे आधीच कमी झाले होते आणि उरलेला मुख्य चरणारा प्राणीही नाहीसा झाला. निरोगी प्रवाळभित्तीवर शेवाळ रोज उगवते आणि रोज खाल्ले जाते, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. नवशिक्याच्या टाकीत उघडा, ताजा खडक असतो, खाणारे कोणी नसते आणि दिवा मात्र प्रवाळांच्या मानाने लावलेला असतो.

म्हणून तिसऱ्याच महिन्यात पहिला उपाय हाताने करायला हवा होता. सुटे खडक टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या बादलीत घेऊन टूथब्रशने घासावेत, जागचे न हलणाऱ्या खडकांवरचे शेवाळ चिमटीने उपटावे आणि सुटलेले तुकडे त्याच वेळी नळीने बाहेर ओढावेत. हे काम कंटाळवाणे आहे हे मला ठाऊक आहे. तरीही उपटलेली प्रत्येक मूठ आपल्याबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरस कायमचे टाकीबाहेर नेते आणि उरलेले खुंट गोगलगाईंच्या आवाक्यात येतात. ट्रोकस आणि टर्बो गोगलगाई आखूड शेवाळ उत्तम खातात, पण लांब वाढलेल्या झुडपाकडे बहुधा फिरकत नाहीत. दोन बोटे लांब शेवाळात गोगलगाई सोडून ‘त्या काहीच करत नाहीत’ असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आता औषधाविषयी. औषध कधीच वापरू नये असे माझे मत नाही. हाताने काढूनही पुन्हा पुन्हा येणाऱ्या ब्रायॉप्सिस या पिसासारख्या हिरव्या शेवाळासाठी फ्लुकोनाझोल हे बुरशीनाशक औषध अनेकांना उपयोगी पडले आहे आणि ते मलाही मान्य आहे. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. आपल्या बाटलीवर घटकच छापलेले नाहीत, असे आपण लिहिता. त्यात तांबे असेल, तर कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळ या सर्वांना ते घातक आहे आणि खडकात मुरलेले तांबे लवकर निघत नाही. दुसरे असे की, औषधाने मेलेले शेवाळ टाकीतच कुजते. त्याने महिनोन्महिने साठवलेले सारे पाण्यात परत येते, कुजताना प्राणवायू कमी होतो आणि खडकाचा पृष्ठभाग पुढच्या आगंतुकासाठी मोकळा राहतो.

तो आगंतुक कदाचित आलाही आहे. शेवटच्या ओळीत आपण लिहिता की, आता वाळूवर तपकिरी, चिकट थर आला असून त्यात बुडबुडे अडकलेले दिसतात, रात्री तो कमी होतो, तीन गोगलगाई मेल्या आहेत आणि चाचण्या अजूनही शून्यच आहेत. त्यावर आपण औषधाचा दुसरा डोस देणार आणि निम्मे पाणी बदलणार आहात. कृपया हे करू नका. हे वर्णन डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) या एकपेशीय सूक्ष्मजीवांशी जुळते. पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट शून्याला टेकले आणि इतर सूक्ष्मजीव उपाशी पडले की, यांना मोकळे रान मिळते. मोठ्या पाणीबदलाने परिस्थिती बऱ्याचदा आणखी बिघडते. यांतील ऑस्ट्रिऑप्सिससारख्या जाती विषारी द्रव्येही निर्माण करतात, म्हणून टाकीत हात घालताना हातमोजे वापरा आणि फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कार्बन ठेवा.

खात्री करण्याचा सोपा मार्ग असा: थोडा थर टाकीच्या पाण्यात घेऊन जोरात हलवा, कॉफीच्या गाळणकागदातून गाळा आणि गाळलेले पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा तपकिरी गुठळ्या किंवा धागे जमले, तर ते बहुतेक डायनोच आहेत. सूक्ष्मदर्शक मिळाला तर जातही ओळखता येईल. तसे निघाले तर फॉस्फेट शोषणारे माध्यम काढून टाका आणि नायट्रेट ५ ते १० व फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅमपर्यंत हळूहळू वर न्या. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा चांगला चालतो. वाळूतच राहणाऱ्या अँफिडिनियम या डायनोवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून आधी ओळख आणि मग उपाय, हा क्रम मोडू नये.

मूळ लेखातील ‘धीर धरा’ हा परिच्छेद मी आज बदलला असून डायटम आणि केसाळ शेवाळ यांचे विवेचन वेगळे केले आहे. गाळणकागदाच्या चाचणीत काय दिसले ते येथेच कळवा. तोपर्यंत ती बाटली बाजूला राहू द्या.