उतारावर न्यूट्रल नको, गिअर हवा

पाऊस लागला की कोकणातल्या ग्रुपवर हा मेसेज फिरायला लागतो: "उतारावर बाईक न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं. गिअर कमी केला तर इंजिनावर ताण येतो, झटक्याने मागचं चाक घसरतं. ब्रेकचे लायनर स्वस्त, क्लचप्लेट महाग." नवशिकी पोरं यावर विसंबून आरे-वारेच्या उतारावर गाडी मोकळी सोडतात, म्हणून हे लिहितो आहे.

आधी पेट्रोल. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, लागू झाले आणि नव्या बाईक जवळपास सगळ्याच फ्युएल इंजेक्शनवर आल्या. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून रेस पूर्ण सोडली की इंजेक्टर पेट्रोल द्यायचंच थांबवतो. इंजिन चाकाच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते बंद पडू नये म्हणून पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे बचत नेमकी उलट बाजूला आहे. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत न्यूट्रलने थोडं वाचेलही, पण त्यासाठी उतारावरचा ताबा सोडायचा?

इंजिनावर ताण येतो तो वेग न बघता गिअर खाली हाणला तर. त्या गिअरला झेपणाऱ्या वेगात इंजिनाला काही होत नाही.

चाक घसरण्याची भीती मात्र खरी आहे, आणि मेसेजने तिचं कारण चुकीचं सांगितलंय. तिसऱ्यातून दुसरा टाकला की त्याच वेगाला इंजिनाला जास्त फिरावं लागतं. रेस न देता क्लच फटकन सोडला तर त्याला फिरवायचा सगळा भार मागच्या चाकावर येतो. वळणावर चिऱ्याच्या ट्रकमधून सांडलेली लाल माती भिजलेली असेल तर चाक तिथेच सुटतं. ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणाऱ्या एबीएसचाही उपयोग नाही, कारण इथे चाक ब्रेकने अडलेलं नसतं.

उपाय हातात आहे. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, ब्रेकने वेग उतरवा. क्लच दाबा, एकच गिअर कमी करा आणि क्लच दाबलेला असतानाच मनगटाने हलकी रेस द्या. आवाज चढला की क्लच सोडा, पण फटकन नाही. उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर ठेवूनही रेस देता येते. सवय आधी सपाट, कोरड्या रस्त्यावर करा. जमलं की कळतं: मागे बसलेल्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटत नाही.

क्लचप्लेटचं उत्तरही यातच आलं. रेस जुळलेली असेल तर प्लेट घासतेच कितीशी? आंबा घाट किंवा आंबोली नुसत्या ब्रेकवर उतरलात तर मात्र लायनर तापून पकड सोडतात. डिस्क असेल तर ब्रेक ऑईल उकळून लिव्हर मऊ पडतो. तेव्हा लायनर किती स्वस्त होते याचा काही उपयोग नसतो.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण सांगायला हवी. नुसत्या गिअरने वेग कमी केला तर मागचा ब्रेकचा लाल दिवा लागत नाही. मागून एसटी येत असेल तर गिअर कमी करतानाच ब्रेकही हलका दाबा, म्हणजे ड्रायव्हरला कळेल.