कान्हेरीला जाताय? अख्खी मुंबई सोबत न्या

पहिली गोष्ट, रविवारीच जा. ही बौद्ध लेणी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आहेत, ते सोमवारी बंद असतं, आणि बाकीच्या दिवशी लेण्यांत शांतता असते. शांततेत आपल्याला करमत नाही. भिक्षूंना इथे जवळजवळ हजार वर्षं करमलं, पण बिचाऱ्यांकडे ब्लूटूथ स्पीकर नव्हता. तुमच्याकडे आहे. तीन नंबरच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, आवाज काय घुमतो म्हणून सांगू!

बोरिवलीला उतरलात की खाण्याची सोय करून घ्या. चार माणसांना सहा पिशव्या पुरतात. पार्काच्या दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, तेवढ्यात बसमध्ये पहिली पिशवी संपते. बाकीच्या पाच माकडांच्या. आमच्या मेहुण्यांनी वेफर्सचं पाकीट सॅकमध्ये घालून वर चेन लावली होती. एका माकडिणीने पोटाला पिल्लू असताना एका हाताने चेन उघडली, पाकीट काढलं, चष्म्याची पेटी हुंगून परत आत ठेवली. मेहुणे चिडले, मला मात्र तिचं कौतुक वाटलं. नको असलेली वस्तू जागच्या जागी ठेवणारी त्या दिवशी वर ती एकटीच होती.

लेण्यापाशी पोचल्यावर मुलांना गंभीरपणे सांगा, "हे पांडवांनी एका रात्रीत कोरलं." विषय मिटतो. नाहीतर सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी, दुसरं शतक, चैत्याला पैसे देणारे व्यापारी भाऊ असं सगळं सांगत बसावं लागेल. चुकून एखाद्या पोराने विचारलंच की काही खांबांवर हत्ती-घोडे आहेत आणि काही नुसते सपाट का, तर सांगा की काम अर्धवट राहिलं आणि लोक तसेच राहायला आले. ओसी, म्हणजे राहण्याचा दाखला, नसलेल्या इमारतीत वाढलेल्या पोराला एवढं सहज कळतं.

दारातल्या दोन्ही बाजूंचे बुद्ध चांगले वीसेक फूट उंच आहेत. फोटोत त्यांचे पाय आले तरी चालेल, तुमचं डोकं आलं पाहिजे. 41 नंबरला अकरा मुखांचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आहे. कॅमेऱ्याकडे न बघता अकरा चेहरे एका फ्रेममध्ये कसे बसवतात, हे ग्रुप फोटोआधी बघून घ्या.

पाण्याच्या टाक्यांकडे मात्र अजिबात बघू नका. भिक्षूंच्या प्रत्येक निवासाला, म्हणजे विहाराला, आपलं टाकं, आणि डोंगरावरचं पावसाचं पाणी त्यात उतरावं म्हणून खडकात कोरलेल्या पन्हळी. शिलालेखात टाक्याला 'पोढी' म्हणतात. कल्याण-सोपाऱ्याकडच्या लोकांनी इथे दानं दिली, शिवाय खर्च चालू राहावा म्हणून 'अक्षयनीवी' ठेवली, म्हणजे मुद्दल मोडायचं नाही, व्याजावर भागवायचं. आता हे वाचलंत की मे महिन्यातले टँकर आठवणार, सोसायटीचा सिंकिंग फंड आठवणार, आणि सुट्टीचा दिवस वाया जाणार. त्यापेक्षा रिकामी बाटली टाक्यात टाका आणि पुढे चला. टाकं तिच्याचसाठी कोरलंय असं समजून बऱ्याच जणांनी आधीच टाकलेली आहे.

भिंतीवर नाव कोरायचं असेल तर लाजू नका, परंपरा जुनी आहे. 90 नंबरच्या लेण्यात 1009 आणि 1021 साली आलेले पारशी पाहुणे पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावं कोरून गेलेत. वॉचमनने हटकलं की हाच दाखला द्या. फक्त एक अडचण आहे: त्या मंडळींनी बापाचं नाव आणि तारीखही नीट लिहिली आहे. तुमच्या बदामात तेवढी जागा नसते. आणि बापाचं नाव लिहायची तुमची हिंमतही नसते.

दमलात तर एखाद्या खोलीतल्या दगडी ओट्यावर आडवे व्हा. पाठीला गार लागेल, बाहेर पानं सळसळतील, दोन मिनिटं काहीच ऐकू येणार नाही. घाबरू नका, रेंज गेलेली असते. दारापर्यंत या, येईल परत.

उतरताना पायऱ्यांवर बसलेल्या बाईकडून तिखट-मीठ लावलेली काकडी घ्या आणि तिच्याशी दहा रुपयांवरून घासाघीस करा. घरी पोचलात की आई विचारेल, "काय काय बघितलंत रे?"

"माकडं," म्हणा. "आणि काकडी मस्त होती."