आधी कौलं काढा

गावचं घर आपल्या आवडीचं करून घ्यायचं ठरवलंत? उत्तम. आवड म्हणजे काय, यावर फार डोकं शिणवू नका. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये जे जे आहे ते सगळं तळकोकणात नेऊन बसवायचं, की झाली आवड. तुम्ही तिथे राहणार गणपतीचे पाच दिवस आणि मे महिन्यातले आठ. उरलेलं वर्षभर काका राहतात, पण त्यांचं मत कशाला विचारायचं, ते तर तिथेच असतात. काका म्हणतील, "चार वासे बदल, नळे परतून घे. सगळा कित्याक मोडतस?" नळे म्हणजे कौलं. एवढं बोलून ते चहा सांगतील. तो प्या आणि कॉन्ट्रॅक्टरला फोन लावा.

घरपत्रकाला अकरा नावं असतील. भावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यासाठीच असतो. अंगठा दाखवणाऱ्यांची संमती धरावी. "खर्च किती?" असं विचारणाऱ्यांना गणपतीची आरती फॉरवर्ड करावी.

आता कौलं. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही लाल नक्षी पश्चिम किनाऱ्यावर पसरली. म्हणजे फॅशन जुनीच झाली की! शिवाय कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते आणि घर थंड राहतं. मग तुम्ही एसी घेणार कशासाठी? माकडं कौलं फोडतात आणि नळे परतणारा माणूस आता शोधून मिळत नाही, ही दोन कारणं मात्र खरी आहेत. म्हणून ती कुणाला सांगू नका. "स्लॅब बरा दिसतो" एवढंच सांगा.

स्लॅब टाकायचा म्हटलं की कॉन्ट्रॅक्टर भिंतीवर दोन बुक्क्या मारून "साहेब, हिच्यात दम नाही" म्हणेल. मातीत बांधलेली चिऱ्याची भिंत स्लॅबचं ओझं घेणार नाही, हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. तिच्यावर स्लॅब टाकायचं कुणी सुचवलं, हा प्रश्न त्याला विचारायचा नसतो. म्हणजे आता पिलर आले, आणि पिलर आले की भिंती गेल्या. दुरुस्तीसाठी काढलेले पैसे पायात गेले. हरकत नाही, सोसायटीच्या पतपेढीत कर्ज मिळतं.

एखादी भिंत राहिलीच, तर ती उघडी ठेवू नका. जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होत जातो. १८०७ साली बुकानन नावाच्या साहेबाने याच गुणावर भाळून त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटेराइट' असं नाव दिलं. तुम्ही भाळू नका. दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा करा, वर प्लास्टिक पेंट मारा. जमिनीतून चढणारी ओल पूर्वी भिंतीतून सुकून जायची, आता तिला जायला वाट उरणार नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे सुटतील, त्यांवर आंब्याच्या पानांचे डिझाइन असलेला वॉलपेपर लावावा.

जमिनीला शेणाचं सारवण, किंवा फार तर कोबा असेल. त्यावर दोन बाय चारच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवा. आषाढात या फरशीला घाम येतो आणि काकी न्हाणीघरातून ओल्या पायांनी येते. तिच्यासाठी रबरी पायपुसणी टाका, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. थोडक्यात, फरशी दिसणार नाही.

चूल अर्थातच काढायची. धूर वर जाऊन वाशांना लागायचा, म्हणून वाळवी लांब राहायची, हे सगळं जुन्या लोकांचं. आता वासेच नाहीत, तर वाळवी काय खाणार? खाईल, मॉड्युलर किचन खाईल. त्याचं भुश्याचं बोर्ड कोकणच्या हवेत आधी फुगतं, त्यामुळे तिला चावायलाही सोपं.

फणसाच्या लाकडाचे खांब आणि कडी-कोयंड्याचा दरवाजा भंगारवाला वजनावर घेऊन जाईल. त्याच्याशी घासाघीस करून वर शंभर रुपये मिळवलेत, तर शाब्बास. पुढे कधीतरी मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर तसाच दरवाजा दिसेल. किंमत ऐकून तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे होता असा." हे वाक्य म्हणताना होणारा आनंद त्या किमतीत धरावा.

पहिल्या पावसाची वाट बघा. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं आणि तुमचा स्लॅब सपाट आहे. उतरतं छप्पर का करत असत, हे काका तुम्हाला सांगणार नाहीत. ते फक्त बादली आणून ठेवतील. समुद्राकाठी असाल तर खारी हवा आतल्या सळ्याही गंजवेल. उपाय सोपा आहे, सगळ्या वाडीने केलेला आहे. स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभा करून उतरत्या पत्र्याची शेड घाला. जिथून कौलं उतरवली, बरोब्बर त्याच्या वर चार फुटांवर आता पत्रे. पाऊस त्यावर असा वाजतो की घरात भांडण झालं तरी शेजारी ऐकू जात नाही. हा फायदा आधी कुणी सांगितला नव्हता.

गणपतीत एक छोटी अडचण येईल. हॉलला तुम्ही पीओपीचं फॉल्स सीलिंग केलंत, आत निळे दिवे सोडलेत, सुंदरच. पण माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट, टांगायची कशाला? कवंडळं, हरणाची फुलं, सुपारीची शिपटी, नारळ, तवसं आणि आंब्याचे टाळ, हा सगळा भार पूर्वी तुळईला असायचा. पीओपीच्या हुकाला बांधून बघा. पहिल्या आरतीपर्यंत नक्की टिकेल.

चतुर्थीच्या दुपारी वीज जाईल. एसी बंद, स्लॅब तापलेला, ऊन पडलं की वरचे पत्रेही तापलेले. पाहुणे एकेक करून हातात चटई घेऊन परसदारी निघतील. तिथे गोठा आहे. गुरं केव्हाच विकली, पण तुमच्या घरावरून उतरवलेली कौलं काकांनी त्यावर घातली आहेत. तुम्हीही जा, लाजू नका. कोपऱ्यात आधीच कुणीतरी टॉवेल तोंडावर घेऊन घोरताना दिसेल. त्याला उठवू नका. शेवटच्या हप्त्यासाठी आलेला तुमचा कॉन्ट्रॅक्टर आहे तो.