आठ हातांचा बाहुला

माझ्याकडे एक बाहुला आहे. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. तोवर मी घरात ज्याला त्याला बजावत होतो, ‘बाहुला नाही, ॲक्शन फिगर म्हणा.’

या शब्दाला इतिहास आहे. 1964 साली अमेरिकेत हॅसब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाचा फूटभर उंचीचा सैनिक बाजारात आणला. पोरगे बाहुलीशी खेळायचे नाहीत ही धास्ती, म्हणून बाहुली हा शब्दच काढायचा नाही असं ठरलं आणि ‘ॲक्शन फिगर’ जन्माला आली. हॅसब्रोने अख्ख्या अमेरिकेच्या गळी उतरवलेली ही गोष्ट मला एकट्या आईच्या गळी उतरवता आली नाही.

माझा बाहुला त्याच वर्षीच्या ‘गोल्डफिंगर’मधला जेम्स बाँड. सिनेमा सुरू होतो तेव्हा तो पाण्यातून वर येतो, पाणबुड्याचा पोशाख उतरवतो, तर आत पांढराशुभ्र डिनर जॅकेट, इस्त्रीसकट! मग कोटाला लाल कार्नेशनचं फूल खोचतो. तोच हा, एक षष्ठांश मापाचा. फूल मसुरीच्या दाण्याएवढं.

खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. म्हणून न्यू जर्सीच्या भाच्याला साकडं घातलं. तो येताना बाँड घेऊन आला आणि जाताना आईकडून तीन किलो चकलीची भाजणी घेऊन गेला. माझं शुल्क असं भाजणीत भरलं गेलं.

खोकं उघडलं. फोमच्या खाचांमध्ये ओळीने हात मांडलेले. आईने चष्मा लावून मोजले.

“आठ! हा कुठला रे देव?”

“देव नाही गं, बदलायचे हात आहेत. हा पिस्तूल धरायचा, हा ग्लास धरायचा.”

“आणि हा?”

“तो नुसता.”

“नुसता हात विकत घेतलास?”

यावर हॅसब्रोकडेही उत्तर नसेल.

हात बदलणं हे काम मात्र येरागबाळ्याचं नव्हे. मनगटातली खुंटी शेवईएवढी. थंडीत प्लास्टिक कडक होतं, ओढाताण केली की खुंटी आत तुटते आणि बाँड जन्माचा थोटा. म्हणून आधी हात शेकून मऊ करायचा. डिसेंबरातल्या एका रात्री साडेअकराला मी बायकोचा हेअर ड्रायर बाँडच्या मनगटावर धरून बसलो होतो. ती पाणी प्यायला उठली, दारात थांबली.

“अहो, सर्दी झालीय का त्याला?”

खोक्याची कथा वेगळी. खोकं गेलं की किंमत पडते, असं हा नाद असलेला कोणीही सांगेल. आतलं रंगीत खोकं तर जपायचंच, पण ते ज्या तपकिरी पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलं तेही जपायचं. दोन्ही माळ्यावर ठेवली. गणपतीत पाहतो तर तपकिरी खोक्यात गौरीचे मुखवटे. आता त्यांना तिथून हलवायची माझी काय छाती!

मग आली दिवाळीची साफसफाई. बाँड लेसरखालून वाचला, शार्कांच्या तळ्यातून वाचला, पण आमच्या मावशींच्या केरसुणीपुढे त्याचं चाललं नाही. संध्याकाळी पाहिलं तर हातात पिस्तूल नव्हतं.

“काळं बारीक होतं ते? मेलेला किडा वाटला मला,” मावशी म्हणाल्या.

बाँडचं वॉल्थर पीपीके पिस्तूल, आणि मेलेला किडा! 1965 साली कॉर्गी या खेळण्यांच्या कंपनीने बाँडची खेळण्यातली गाडी काढली होती. सिनेमात ती चंदेरी, पण चंदेरी खेळणं बिनरंगाचं वाटेल म्हणून यांची सोनेरी. कळ दाबली की टपातून शेजारचा गुंड उडायचा. उडाला की तो सोफ्याखाली जाणार हे ओळखून कंपनीने खोक्यात एक जास्तीचा गुंडही दिला होता. आम्हाला मात्र नुसते हात जास्तीचे!

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा चौथीतला मुलगा दारात उभा. खाली पार्किंगजवळ पोरांनी किल्ला केला होता.

“काका, तुमचा बाहुला द्या ना. आम्हाला हेर पाहिजे.”

बायको आतून म्हणाली, “द्या हो.”

मी स्वतः घेऊन गेलो. मावळे बोटभर, हा फूटभर. बुरूज त्याच्या गुडघ्याला लागत होता. पोरगं कमरेवर हात ठेवून बघत राहिलं.

“काका, हा हेर आहे?”

“जगातला सगळ्यात प्रसिद्ध हेर.”

“प्रसिद्ध?” त्याने इतिहासाच्या बाईंसारखा चेहरा केला. “बहिर्जी नाईक समोर आले तरी ओळखू यायचे नाहीत. हा तर सगळ्यांना नाव सांगतो. ते पण दोनदा.”

साठ वर्षांत ही शंका एकाही खलनायकाला आली नव्हती.

मग पोरांनी बाँडचा ताबा घेतला. माझ्या रुमालाचं मुंडासं झालं, जुन्या मोज्याची घोंगडी झाली, पांढऱ्या जॅकेटवर गेरूचा हात फिरला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी, अळीव उगवलं होतं तिथे, एक गुराखी बसला होता. मोठा होता खरा, पण गुराखीच. मसुरीएवढं फूल दिंडी दरवाज्याला तोरण म्हणून लागलं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी टॉर्च घेऊन खाली गेलो. मुंडासं सारखं केलं, घोंगडी नीट केली, आणि मग लक्षात आलं. ओणवा होऊन अळिवात चाचपत होतो, तर वर गॅलरीतला दिवा लागला.

“अहो, काय शोधताय?”

“हात.”

“कुठला?”

“नुसता.”