येसूबाईंची मालिका अजून व्हायची आहे

'स्वराज्यरक्षक संभाजी' २०२० च्या फेब्रुवारीत संपली. शंभूराजांच्या बलिदानाच्या भागानंतर आमच्या घरात कुणी बोललं नाही. आई ताटं उचलून निघाली, स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि म्हणाली, "आणि येसूबाई? त्यांचं पुढं दाखवणार नाहीत?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

मालिका मला मनापासून आवडली. अमोल कोल्हे आणि प्राजक्ता गायकवाड यांच्यामुळे आमच्या घरात शंभूराजांच्या जोडीनं येसूबाईंचंही नाव रोज निघू लागलं. शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांची लेक, शिवरायांची सून. त्यांची स्वतःची मुद्रा होती, 'श्री सखी राज्ञी जयति'. त्यातला 'सखी' शब्द बघा. राजे मोहिमेवर असताना मागं कारभार बघणाऱ्या राणीच्या मुद्रेवर तो कोरलाय. सतराव्या शतकात! या संसाराबद्दल मला वेगळा पुरावा लागत नाही.

पण खरी कसोटी तर मालिका थांबली तिथून सुरू होते. ११ मार्च १६८९ ला महाराज गेले. शाहूराजे सात वर्षांचेही नव्हते. रायगडाला मोगलांचा वेढा पडत होता. अशा वेळी कुठल्याही आईनं आपल्या लेकाला गादीवर बसवण्याचा हट्ट धरला असता. येसूबाईंनी दिराला, राजारामांना पुढं केलं, त्यांना गडाबाहेर पडायला लावलं आणि स्वतः लेकाला घेऊन मागं राहिल्या. राजाराम महाराज जिंजीला पोचले, स्वराज्य लढत राहिलं. इकडे नोव्हेंबरात रायगड पडला आणि मायलेक मोगलांच्या कैदेत गेले.

या निर्णयाला मी राज्य करणं म्हणतो. नवरा जाऊन काही दिवसच झालेत, रडायला उसंत नाही, आणि ही बाई राज्याचा विचार करतेय. आपल्या पाठ्यपुस्तकात हे किती ओळींत उरकलंय, आठवून बघा.

औरंगजेब १७०७ मध्ये मेल्यावर शाहूराजे सुटले, येसूबाई ओलीस राहिल्या. १७०८ मध्ये साताऱ्यात लेकाला राज्याभिषेक झाला, तेव्हा आई तिथं नव्हती. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना दिल्लीहून सोडवून आणलं. जवळजवळ तीस वर्षांची कैद!

वाहिन्यांना कळकळीची विनंती आहे, आता तिथून सुरुवात करा. शेवटचा भाग साताऱ्याचा ठेवा. बारा वर्षांनी मायलेक समोरासमोर. आईला तो भाग बघायचाय.