भाड्याने राहताय? आधी आईला अप्रूव्ह करून घ्या

पुण्यात वाकड, बाणेर, खराडी अशा भागांत कुठेतरी, तीन टॉवरच्या, बावीस मजल्यांच्या, दारात बंद कारंजं असलेल्या सोसायटीत भाड्याने राहायला येताय? अभिनंदन. अशाच एका सोसायटीत मी तीन वर्षं काढली आहेत आणि गेल्या मंगळवारपासून या विषयातली तज्ज्ञ झाले आहे. मंगळवारी काय झालं ते येईलच. आधी बालवाडी.

घर शोधताना ब्रोकरचा पहिला प्रश्न असेल, ‘फॅमिली का बॅचलर?’ दुसरा, ‘व्हेज?’ मग तो आडनाव विचारेल आणि थोडा वेळ गप्प बसेल. त्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्हाला लागला नाही, तर तुम्ही नशीबवान आडनावाचे आहात.

बॅचलर असाल तर आधी लग्न करा, मग घर बघा. पूर्वी लोक उलट करायचे.

डिपॉझिट ट्रान्सफर करताना उजव्या हातावरून पळीभर पाणी सोडावं. पैसे परत मिळतात, नाही असं नाही, पण घर सोडताना मालकाचे सासरे येतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि भिंतीवरची भोकं मोजतात. आमच्या आधीच्या घरात सात निघाली. त्यातली चार आमच्या आधीच्या भाडेकरूची होती, पण भोकावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. सात भोकांपायी अख्ख्या घराचा रंग कापून घेतला. केंद्र सरकारने 2021 मध्ये एक आदर्श भाडेकरू कायदा आणला. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, असं त्यात म्हटलंय. पण ‘आदर्श’ म्हणजे राज्यांनी बघून घ्यायचा नमुना. आदर्श गोष्टी भिंतीवर टांगायच्या असतात, आणि खिळा ठोकायची तुम्हाला परवानगी नाही.

करार अकराच महिन्यांचा का, असं मुळीच विचारू नका. मी विचारलं होतं. ब्रोकर म्हणाला, ‘मॅडम, सगळीकडे तसंच असतं.’ खरी गोष्ट अशी, की 1908 च्या नोंदणी कायद्याने वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची केली, म्हणून लोकांनी सुरक्षित अंतर ठेवून अकरा महिने धरले. पुढे महाराष्ट्राने 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम 55 घातलं आणि मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, असं ठरवलं. म्हणजे पळवाट बुजली त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण आपण अजून तिथूनच जातोय. त्याच कलमात नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खर्च कोणी करायचा ते मात्र ब्रोकर सांगतो, आणि तो दर वेळी तुमच्याकडेच बघून सांगतो.

तर दर अकरा महिन्यांनी एजंट लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र आणि वेबकॅम घेऊन घरी येईल. फोटोत तुम्ही फरार आरोपीसारखे दिसाल. हरकत घेऊ नका, पोलीस व्हेरिफिकेशनला तोच फोटो बरा दिसतो.

सामान रविवारी आणू नका. शनिवारीही नको. ऑफिस असलेल्या दिवशी दहा ते पाच या वेळेत आणा आणि लिफ्टचे पैसे वेगळे भरा.

स्विमिंग पूल आहे. टेनंटला वेगळी फी आहे. पिंपरी-चिंचवडला 2019 पासून नळाला पाणी दिवसाआड येतंय, आमच्या टाकीत टँकरचं येतं, पण पूल कायम काठोकाठ भरलेला. बादलीने आणू का, असं विचारून बघितलं. गंमत कोणाला कळली नाही.

गणपतीची वर्गणी मात्र सगळ्यांना सारखी. तिथे ओनर आणि टेनंट असा भेद करणं देवाला आवडत नाही. आरतीच्या यजमानपदाची यादी लागते, ती ओनर्सची.

आता गेटचं अ‍ॅप. म्हणजे गेटवर कोणी आलं की फ्लॅटवाल्याला मोबाइलवर विचारतं आणि मगच आत सोडतं, ते.

हे नीट वाचा, कारण घर कितव्या मजल्यावर आहे, बाल्कनी कुठल्या दिशेला आहे, यापेक्षा हे महत्त्वाचं. अशा सोसायटीत तुम्ही फ्लॅटमध्ये राहत नाही, अ‍ॅपमध्ये राहता. फ्लॅट मालकाच्या नावावर असतो आणि तुम्ही त्याच्या खाली, छोट्या करड्या अक्षरांत, ‘टेनंट’ म्हणून. तुमच्या नावापुढे एक तारीख असते. दुधाच्या पिशवीवर असते तशी.

आमची तारीख सोमवारची होती. करार नव्याने केला होता, आधीच्या शनिवारी. नोंदणी झाली, पीडीएफ आली आणि त्याच संध्याकाळी ती मी सोसायटीच्या ऑफिसला मेल केली. शहाणपणा केला असं वाटलं. तर झालं असं, की मेल पोचली, मॅनेजरने बघितली आणि ती ‘कमिटी अप्रूव्हल पेंडिंग’ या रकान्यात ठेवली. कमिटी पंधरा दिवसांनी बसते. सोमवारी रात्री बारा वाजता अ‍ॅपने इमानदारीत आम्हाला काढून टाकलं. आम्ही सतराव्या मजल्यावर गाढ झोपलो होतो. आपण राहत नाही हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मंगळवारी कराडहून आई आली. वय एकाहत्तर. एसटीने, अर्ध्या तिकिटात, त्याचा तिला भारी अभिमान. हायवेला वाकडच्या पुलापाशी उतरली, रिक्षा केली आणि एक वाजून दहा मिनिटांनी गेटवर पोचली. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात वायरची पिशवी. त्यात कांदा-लसूण चटणीची बरणी आणि जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेल्या कुरडया. मे महिना. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली होती. मी हिंजवडी फेज तीनला मीटिंगमध्ये, नवरा चेन्नईला.

गेटवरच्या मुलाने टॅबवर फ्लॅट नंबर टाकला. मला काहीच आलं नाही, कारण मी नव्हतेच. परवानगीचा निरोप गेला फ्लॅटच्या मालकाला. आमचे मालक न्यू जर्सीत असतात. तिथे पहाटेचे तीन चाळीस झाले होते. मालकांनी आईला अप्रूव्ह केलं नाही. रिजेक्टही केलं नाही. घोरत असावेत.

आईने मला फोन लावला, मी मुलाशी बोलले.

‘दादा, ती माझी आई आहे, सोडा तिला वर.’

‘मॅडम, तुमचं नावच दिसत नाहीये. ओनरचं दिसतंय.’

‘अहो, काल रात्री तुम्हीच मला गुड नाइट म्हणालात की.’

‘हो मॅडम. पण सिस्टिममध्ये नाही.’

त्याचा राग नाही मला. एजन्सीचा मुलगा, लातूरकडचा, बारा तासांची ड्यूटी. गेल्या महिन्यात एका पाहुण्याला ओळखीवर आत सोडलं म्हणून त्याचा दिवसाचा पगार कापला होता. मॅनेजरला फोन केला, तर लंच. लंच एक ते दोन, आणि दोनचे सव्वादोन. सेक्रेटरींना केला. ते म्हणाले, ‘हे ग्रुपवर टाका ना.’ ग्रुपवर टेनंट घेत नाहीत, हा ठराव त्यांचाच. चेअरमनसाहेबांनी फोन उचलला नाही, पण ‘कान्ट टॉक राइट नाऊ’ असा मेसेज तेवढा तत्परतेने आला.

मी निघाले. वाटेतल्या भूमकर चौकातल्या ट्रॅफिकबद्दल काही लिहीत नाही, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

त्या वेळात आई गेटपाशी बसून काय काय आत जातंय ते बघत होती. रात्री जेवताना तिनेच सांगितलं. पिझ्झा गेला. किराणा देणारी तीन पोरं गेली. आंब्याची पेटी गेली. फिश टँक साफ करणारा गेला. एक मोठं सोनेरी कुत्रं ट्रेनरसोबत गेलं, आणि त्या कुत्र्याचं नाव टॅबवर होतं, फोटोसकट. ‘किती छान व्यवस्था आहे गं,’ आई म्हणाली. ती उपरोधाने बोलत नव्हती. तिला खरंच कौतुक वाटलं होतं. मला घास गिळवेना.

तर मंडळी, टीप अशी: आईला यायचं असेल तर तिने पिझ्झा होऊन यावं. नाहीतर कुत्रा. चार अंकी कोड मिळतो, कोणी विचारत नाही, थेट लिफ्ट. आणि जमलं तर तिने तुमच्या कराराची मुदत बघून कराडहून निघावं, मालकाच्या झोपेची वेळ बघून गाडी पकडावी आणि एक ते सव्वादोन या वेळात कुठल्याही गेटवर पोचू नये, कारण त्या वेळात तिचं तिथे नातं कोणाशीच नसतं.

दोनला पाच कमी असताना मी गेटवर उतरले. मुलगा ओशाळून म्हणाला, ‘मॅडम, तुमची पण एन्ट्री करावी लागेल. व्हिजिटर म्हणून.’

‘कोणाकडे आले म्हणून लिहिणार?’

त्याने टॅबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि रजिस्टर काढलं. कागदाचं, लाल कापडी बांधणीचं. त्यात मी लिहिलं: नाव, माझं. कोणाकडे, माझ्याकडे. कारण, राहते. तरी बूम बॅरिअर काही उठला नाही, कारण रजिस्टर फक्त रेकॉर्डसाठी असतं.

सव्वादोनला मॅनेजर आले, दातात काडी घालून. ‘टेनंट री-अ‍ॅक्टिव्हेशन’चे पाचशे रुपये क्यूआरवर मागितले. भरले. भरलेच मी! भांडले नाही, पावती मागितली नाही, आई उन्हात होती म्हणून मुकाट्याने भरले. मग त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. कमिटी बसली नाही, ठराव झाला नाही, पंधरा दिवस लागले नाहीत. दहा सेकंद लागले.

दहा सेकंद. आणि बाई पासष्ट मिनिटं बसली होती.

आता पुढची टीप लिहायला बसले होते, पार्किंगवर. स्टिकरचा रंग वेगळा का असतो, वगैरे. नाही लिहीत. कारण बुधवारी सकाळी कळलं, की त्या गेटवरच्या मुलाला समज दिली. कशाबद्दल? त्याने स्वतःची प्लास्टिकची खुर्ची आईला दिली होती आणि पासष्ट मिनिटं उभ्याने ड्यूटी केली होती. स्वतःच्या बाटलीतलं पाणीही दिलं होतं. कॅमेऱ्यात दिसलं. ‘सिक्युरिटीची खुर्ची बाहेरच्या व्यक्तीस देऊ नये.’

बाहेरची व्यक्ती!

अहो कमिटीवाले, ऐका जरा. तुमच्यातले निम्मे लोक दहा-बारा वर्षांपूर्वी सांगवीत, थेरगावात भाड्याच्याच खोलीत होतात. मे महिन्यात तुमच्याही आया आल्या असतील, हातात वायरच्या पिशव्या घेऊन. घरमालकिणीने त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिलं असेल, टॅब न बघता. तेव्हा तुम्हाला कोणी एक्स्पायर केलं होतं का? आता तीस वर्षांच्या कर्जावर घर घेतलंत, चांगलं केलंत, पण म्हणून समोरच्या दाराआडचा माणूस तुम्हाला दिसेनासा झाला? तुमच्याच लिफ्टमधून तो रोज खाली येतो. तुमच्या मुलीला त्याची बायको गणित शिकवते. मेंटेनन्स मालकाच्या नावाने येतो, पण जातो कोणाच्या खिशातून? शिवाय मालक स्वतः राहत नाही म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेता, तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही हे 2001 पासून ठरलंय, तो मालकावर लावायचा असतो, आणि मालक तो भाड्यात मिसळून आमच्याकडून घेतो, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. घर भाड्याने द्यायला मालकाला तुमची एनओसी लागतच नाही. सोसायट्यांसाठीच्या 2014 च्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, आठ दिवस आधी कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची, एवढंच आहे. त्यात री-अ‍ॅक्टिव्हेशन हा शब्द मला दाखवा. बोट ठेवून दाखवा.

आणि मालक, तुम्हीही. पाच तारखेला भाडं जमा झालं नाही तर सहा तारखेला आमच्या सकाळी सात वाजता तुमचा मेसेज येतो. तेव्हा कशी जाग असते? अ‍ॅपमध्ये एक टिक करायची होती, आमचा नंबर फ्लॅटला कायमचा जोडायची. तीन वर्षांत तीनदा सांगितलं. तीनदा अंगठा वर केलेलं चित्र पाठवलंत.

आणि आपण, भाडेकरू? साठेक फ्लॅटांत आपण राहतो. आपापसांत लिफ्टमध्ये कुजबुजतो, वर गेल्यावर दार लावून घेतो. ‘अजून एकच वर्ष, मग आपलं घेऊ,’ म्हणतो आणि जे मागतील ते क्यूआरवर भरत राहतो. मी पण तशीच. मंगळवारपर्यंत.

आई रविवारी परत गेली. जाताना गेटवरच्या मुलाला कागदात बांधून चटणी देऊन गेली. त्याने ती टेबलाखाली, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी ठेवली. त्याला दिलेली समज लेखी मागे घ्या. गेटवर पंखा लावा आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी एक बाक टाका. आणि माझ्या पाचशे रुपयांची पावती द्या, सोसायटीच्या शिक्क्याची, कुठल्या नियमाखाली घेतले ते लिहून. मी रोज ऑफिसच्या दारात येऊन विचारणार आहे. एक ते सव्वादोन सोडून.